बेडूक गाजला, पुस्तक पडलं

१८६७ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या दुकानांत मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकाचं पहिलं पुस्तक आलं. किंमत दीड डॉलर. त्यातली पहिली गोष्ट देशभर गाजलेली, लेखकाचं नाव पेपरवाल्यांच्या तोंडी. तरी पुस्तक पडलं. १८६९ च्या उन्हाळ्यात दुसरं आलं, ‘द इनोसंट्स अब्रॉड’ हे प्रवासवर्णन, साडेसहाशे पानांचं, साडेतीन डॉलरचं. पहिल्या वर्षातच सत्तर हजारांच्या आसपास प्रती गेल्या.

मी मराठी पुस्तकांचं संपादन करते. हल्ली हस्तलिखित हातात पडायच्या आधीच लेखकाचा पहिला प्रश्न येतो, "फेसबुकवर माझे एवढे फॉलोअर आहेत, पुरतील का?" पुस्तक येण्याआधी आपलं नाव लोकांत किती आणि कसं रुजवायचं, यावर उपदेश करण्यापेक्षा मला हे दीडशे वर्षं जुनं प्रकरण सांगणं बरं वाटतं. माणूस एकच, विनोदाची जात एकच, मधे फक्त दोन वर्षं, आणि निकाल असे टोकाचे.

गाजलेली गोष्ट म्हणजे ओळख नव्हे

मार्क ट्वेन हे टोपणनाव त्यानं १८६३ च्या फेब्रुवारीत नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीच्या ‘टेरिटोरियल एंटरप्राइझ’ या पत्रात पहिल्यांदा वापरलं. खरं नाव सॅम्युअल क्लेमेन्स. मिसिसिपी नदीतल्या आगबोटींवर पाण्याची खोली मोजणारा खलाशी जी आरोळी ठोकायचा, ती त्यानं उचलली. अर्थ एवढाच की दोन वाव, म्हणजे बारा फूट, पाणी आहे, बोट जाईल.

१८ नोव्हेंबर १८६५ ला न्यूयॉर्कच्या ‘सॅटर्डे प्रेस’मध्ये त्याची बेडकाची गोष्ट आली. पैजेसाठी उड्या मारायला शिकवलेला बेडूक, आणि एका परक्या माणसानं गुपचूप त्याच्या पोटात भरलेले बंदुकीचे छरे. त्या काळी अमेरिकेतली वर्तमानपत्रं एकमेकांना अंक फुकट पाठवायची आणि एकमेकांतलं बिनधास्त उचलून छापायची. बेडूक एका गावातून दुसऱ्या गावात उड्या मारत देशभर गेला. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराखाली लेखकाचं नाव गळून पु.लं.चं चिकटतं, तसं इथे झालं नाही. नाव बरोबर जात होतं. पण लोकांच्या लक्षात बेडूक राहत होता. खुद्द ट्वेनला याचा राग होता. आपण इतकं बरं बरं लिहिलं आणि या न्यूयॉर्कवाल्यांनी कौतुकासाठी निवडलं काय, तर हे रानटी टिपण, अशी तक्रार त्यानं जानेवारी १८६६ मध्ये घरी लिहिलेल्या पत्रात केली आहे.

पुढल्या वर्षी तो न्यूयॉर्कला आला आणि साहजिकच बेडकाच्या जोरावर पुस्तक काढायला निघाला. कार्लटन नावाच्या प्रकाशकानं नकार दिला. शेवटी चार्ल्स हेन्री वेब या मित्रानं ते छापलं. बेडकाची गोष्ट आणि सोबत कॅलिफोर्नियातल्या वर्तमानपत्रांतून वेचलेली इतर टिपणं, सगळी मिळून सत्तावीस. पुस्तक खपलं नाही. पुढे हातात पैसा आल्यावर त्यानं त्या पुस्तकाच्या छपाईच्या प्लेटा स्वतः विकत घेतल्या आणि नष्ट करून टाकल्या.

हे का झालं, याचं सोपं उत्तर लगेच सुचतं: गोष्ट फुकट वाचून झाली होती, मग दीड डॉलर कोण देणार? माझे लेखकही हेच म्हणतात. "सगळं पोस्ट करून बसलो तर पुस्तकात उरेल काय?" पण हे उत्तर टिकत नाही. दोन वर्षांनी खपलेल्या पुस्तकातला मोठा भागही आधी वर्तमानपत्रांत छापून झालेलाच होता. फुकट वाचायला मिळणं हे कारण असतं, तर दुसरं पुस्तकही पडायला हवं होतं.

मला वाटतं, फरक इथे होता. बेडूक वाचलेल्या माणसाला बेडूक मिळाला होता. त्याचं समाधान झालं होतं. उरलेल्या सव्वीस टिपणांची त्याला भूक लागावी असं काही घडलंच नव्हतं. एक पोस्ट दहा हजारांनी शेअर केली म्हणून कवितासंग्रह छापायला निघालेले दोघे-तिघे मी पाहिलेत. ती कविता लोकांच्या मोबाइलमध्ये सुखरूप असते आणि संग्रहाचे गठ्ठे कवीच्या पलंगाखाली.

दारं सातला, गोंधळ आठला

ओळख तयार होण्याचं काम दुसरीकडे चाललं होतं, आणि ते त्यानं पुस्तकासाठी सुरू केलेलं नव्हतं. पोटासाठी केलं होतं. १८६६ मध्ये ‘सॅक्रामेंटो युनियन’ या वर्तमानपत्रानं त्याला हवाई बेटांवर पाठवलं. तिथून त्यानं पंचवीस पत्रं लिहिली. परत आला तेव्हा खिसा रिकामा. म्हणून २ ऑक्टोबर १८६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं नाट्यगृह भाड्यानं घेऊन त्याच बेटांवर व्याख्यान लावलं, तिकीट एक डॉलर.

त्या कार्यक्रमाची जाहिरात बघण्यासारखी आहे. शहरात एक उत्तम वाद्यवृंद आलेला आहे, पण तो ठरवलेला नाही, असं तीत मोठ्या थाटात लिहिलं होतं. आणि शेवटी: दारं सात वाजता उघडतील, गोंधळ आठला सुरू होईल. (मूळ इंग्रजी शब्दाला ‘गोंधळ’ इतका चपखल बसतो की तो आमच्या अंबाबाईच्या दारातूनच उचलला असावा असं वाटतं.) जाहिरात वाचूनच कळत होतं की आत काय मिळणार. हा माणूस थापा मारणार, स्वतःचीच फजिती सांगणार, आणि तेही चेहऱ्यावरची रेषा न हलवता.

त्याची स्वतःची अवस्था मात्र वाईट होती. आपल्या विनोदावर कुणी हसलंच नाही तर, या धास्तीनं त्यानं दणदणीत हसणारे मित्र प्रेक्षकांत पेरून ठेवले होते, असं त्यानंच पुढे लिहिलं आहे. गरज पडली नाही.

१८६७ मध्ये न्यूयॉर्कला हाच खेळ करायला गेला, तेव्हा मात्र पुरती पंचाईत झाली. ६ मे, कूपर इन्स्टिट्यूटचं मोठं सभागृह. त्याच रात्री शहरात दुसरीकडे एका बड्या राजकारण्याचं भाषण होतं, एक नामांकित इटालियन नटी होती आणि जपानी कसरतपटूंचे खेळही. तिकिटं खपेनात. त्याच्या मित्रानं, फ्रँक फुलरनं, शहरातल्या आणि आसपासच्या शाळामास्तरांना टोपल्याच्या टोपल्या फुकट पास वाटले. सभागृह खचाखच भरलं, लोक पोट धरून हसले, आणि गल्ल्यात एवढंच जमलं की खर्चही निघाला नाही. पासावरचं प्रेक्षागृह ही आपल्या नाटकवाल्यांची जुनी ओळखीची गोष्ट. तरी त्या रात्री तोटा झाला असं मी म्हणणार नाही. सकाळच्या पेपरांत चांगलं छापून आलं, आणि शहरातल्या शाळामास्तरांनी हा माणूस प्रत्यक्ष ऐकला. पण बेडकाचं पुस्तक त्याच आठवड्यात दुकानांत होतं आणि ते तसंच पडून राहिलं. ऐकलेला माणूस आणि विकायला ठेवलेलं पुस्तक, या दोघांचं एकमेकांशी नातंच नव्हतं. व्याख्यान हवाई बेटांवर, पुस्तक बेडकावर.

पन्नास पत्रं

महिन्याभरात, ८ जून १८६७ ला, तो ‘क्वेकर सिटी’ नावाच्या आगबोटीवर चढला. युरोप आणि पवित्र भूमीची (म्हणजे पॅलेस्टाइनची) सहल, माणशी साडेबाराशे डॉलर. ते पैसे सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आल्टा कॅलिफोर्निया’ या वर्तमानपत्रानं भरले, वर प्रत्येक पत्राला वीस डॉलर. ब्रुकलिनच्या एका चर्चमधून निघालेली ही सहल. बरोबरीची मंडळी बरीचशी सधन, प्रौढ, धर्मशील. त्यांच्यात हा एक तोंडाळ पत्रकार.

पाच महिन्यांत त्यानं आल्टाला पन्नासेक पत्रं लिहिली, थोडी न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’लाही. इथून पुढचं सगळं वळण या पत्रांतून आलं. बेडूक एकदाच वाचायचा होता. पत्रांची तऱ्हा वेगळी. पॅरिसचं पत्र वाचलेला माणूस रोमच्या पत्राची वाट बघायचा, त्याला सहप्रवासी ओळखीचे झालेले असायचे, वाटाड्यांचे छळ माहीत असायचे, आणि पुढच्या बंदरात हा बाबा काय करणार याची उत्सुकता असायची. आपल्याकडे वर्षभर रविवारच्या पुरवणीत सदर चालवलेल्या लेखकाचं पुस्तक का उचललं जातं आणि एका गाजलेल्या लेखावर काढलेलं का पडून राहतं, ते इथेच आहे. सदराच्या वाचकाला पुढचा रविवार लागतो.

१९ नोव्हेंबरला बोट न्यूयॉर्कला परत आली. त्याच रात्री बसून त्यानं सहप्रवाशांची टर उडवणारा मजकूर न्यूयॉर्कच्या ‘हेरल्ड’ला लिहून दिला आणि तो दुसऱ्या दिवशी छापून आला. २१ तारखेला हार्टफर्डच्या अमेरिकन पब्लिशिंग कंपनीच्या एलिशा ब्लिसनं त्याला पत्र टाकलं: तुमच्या प्रवासपत्रांवरून एखादं पुस्तक होईल का? प्रकाशकांच्या दारात जाऊन नकार घेऊन आलेल्या माणसाच्या दारी आता प्रकाशक आला. ट्वेननं उलट टपाली विचारलं की पुस्तक केवढं हवं, कधीपर्यंत हवं, आणि त्यातून मला पैसे किती मिळतील. वर लिहिलं, "या शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व माझ्यासाठी जवळजवळ माझ्याच आकलनापलीकडचं आहे." मानधनाचा विषय काढताना खाली बघणाऱ्या आपल्या लेखकांनी हे पत्र जरूर वाचावं. एकरकमी दहा हजार डॉलर किंवा पाच टक्के रॉयल्टी असे पर्याय समोर होते, असं त्यानं पुढे सांगितलं. त्यानं रॉयल्टी घेतली.

पत्रं कुणाची?

मग अडलं. आल्टाच्या मालकांनी त्या पत्रांचा कॉपीराइट स्वतःच्या नावे करून घेतला होता आणि तेच त्यांचं पुस्तक काढायच्या बेतात होते. त्यांच्या बाजूनं बघितलं तर गैर नव्हतं. तिकीट त्यांनी काढलं, पत्रांचे पैसेही मोजले. पण ज्या मजकुरामुळे याला प्रकाशक मिळाला, तोच मजकूर याचा नव्हता.

१८६८ च्या मार्चमध्ये तो उठून पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तेव्हा खंडाआरपार रेल्वे नव्हती. समुद्रानं पनामापर्यंत, तिथे जमीन ओलांडायची, पुन्हा समुद्र. मालकांशी समोरासमोर बसून त्यानं परवानगी मिळवली. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याची एक कोरडी ओळ आहे: वर्तमानपत्राच्या मालकांनी आपले हक्क सोडून आवश्यक ती परवानगी दिली. आभाराचा शब्द नाही.

हे मराठी लेखकांना मी मुद्दाम सांगते, कारण ओळख वाढवायच्या नादात आपण मजकूर कुठे कुठे देऊन बसतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाला बराच सांभाळून घेतो. वर्तमानपत्रात नोकरीला असाल, तरी कलम १७ प्रमाणे मालकाचा हक्क तो मजकूर पत्रात छापण्यापुरता. पुस्तकाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, तुमचा. बाहेरून दिवाळी अंकाला कथा दिली असेल तर तुम्ही लेखी सही करून दिल्याशिवाय ती जात नाही. पण वेगळा करार कित्येकदा असतो, आणि तो एखाद्या ॲपवर ‘मान्य आहे’ दाबताना झालेला असतो. तेवढं पान वाचा.

सॅन फ्रान्सिस्कोतच बसून त्यानं हस्तलिखित उभं केलं, रात्री अकरा-बाराला सुरुवात करून उजाडेपर्यंत. पत्रं नुसती चिकटवली नाहीत. खाणकामगारांच्या कॅलिफोर्नियाला चालणारी आडदांड भाषा पूर्वेकडच्या घरांत चालणार नव्हती. ती काढली, नवे भाग लिहिले. ब्रेट हार्ट या लेखक-मित्रानं सगळं वाचून काय गाळावं ते सांगितलं. पैशांसाठी व्याख्यानं चालूच. २ जुलैच्या निरोपाच्या व्याख्यानाआधी त्यानं एक खोटा पत्रव्यवहार छापून वाटला: शहरातले मान्यवर त्याला विनवतात की कृपा करून बोलू नका, निघून जा, आणि सगळ्यात शेवटी पोलीसप्रमुखाची एका ओळीची चिठ्ठी, "तुम्ही गेलेलं बरं."

हिवाळ्यात माणूस, उन्हाळ्यात पुस्तक

ऑगस्ट १८६८ मध्ये हस्तलिखित ब्लिसकडे पोचलं. त्या हिवाळ्यात ट्वेन अमेरिकेच्या पूर्व आणि मधल्या भागातल्या गावोगावी फिरला. तिथे हिवाळी व्याख्यानांचा हंगाम असायचा, आपल्या वसंत व्याख्यानमालेसारखा, पण गावं शेकड्यांनी. विषय: परदेशातला अमेरिकन आडमुठा. म्हणजे येणाऱ्या पुस्तकाचाच गाभा. एका रात्रीचे शंभर डॉलर. न्यूयॉर्कच्या वेळची चूक या वेळी झाली नाही. व्याख्यानाला आलेला माणूस घरी जाताना ज्या गोष्टी आठवून हसत होता, त्या पुस्तकात असणार होत्या.

पहिला कार्यक्रम १७ नोव्हेंबरला क्लीव्हलँडला. तिथल्या ‘हेरल्ड’नं स्तुती केली. ती लिहिणाऱ्या मेरी फेअरबँक्स त्याच बोटीवरच्या सहप्रवासी, आणि पत्राच्या मालकांपैकी एकाच्या पत्नी. ट्वेन त्यांना आई म्हणायचा. ओळखीच्या माणसानं लिहिलेलं परीक्षण ही आपलीच खोड आहे असं कुणी समजू नये.

त्यात एक मोठी गफलत झालीच. पुस्तक हंगामात यायला हवं होतं. पण कंपनीच्या संचालकांना मजकूर पावित्र्याला धक्का देणारा वाटू लागला आणि काम रेंगाळलं. हंगाम मार्चमध्ये संपला, पुस्तक जुलैच्या अखेरीस निघालं. लेखक चाळीसेक गावं बोलून मोकळा झाला आणि विकायला हातात काही नाही. चिडून त्यानं कंपनीला कोर्टाची धमकी दिली. प्रकाशन लांबलं की पुढे ढकलायच्या कार्यक्रमांच्या याद्या मी अनेकदा केल्या आहेत, त्यामुळे ती चीड मला समजते.

तरीही पुस्तक तरलं, कारण ते दुकानांवर अवलंबूनच नव्हतं. ही कंपनी वर्गणीदार पद्धतीनं विकायची. एजंटाच्या हातात एक नमुना-पुस्तक असे: निवडक पानं, चित्रं, कापडी आणि चामडी बांधणीचे तुकडे, आणि शेवटी रेघा मारलेली कोरी पानं. गिऱ्हाइकानं त्यावर नाव लिहायचं, पैसे पुस्तक घरी आल्यावर. एजंटाला शिकवण असायची की गावात शिरल्यावर आधी धर्मगुरू, डॉक्टर, शाळेचे मुख्याध्यापक अशांची नावं मिळवा. मग शेतकऱ्याच्या ओट्यावर ते पान उघडायचं. शेतकरी आधी वरची नावं वाचतो, मग चित्रं बघतो, मग जाडी चाचपतो. साडेतीन डॉलर मोजायचे तर हातात वजन लागलं पाहिजे. म्हणूनच साडेसहाशे पानं आणि २३४ चित्रं. डॉ. केतकरांनी वर्गणीदार गोळा करत ज्ञानकोशाचे २३ खंड पार पाडले, त्यामुळे ही रीत आपल्याला अगदी परकी नाही.

ज्या गावांत पुस्तकाचं दुकानच नव्हतं, तिथल्या माणसानं मार्क ट्वेन हे नाव वर्तमानपत्रात वर्षभर वाचलेलं होतं, कुठे तालुक्याच्या गावी त्याला ऐकलेलं होतं, आणि आता दारात त्याचं पुस्तक उभं होतं. बेडकाच्या वेळी या साखळीतली शेवटची कडी गायब होती. आजच्या लेखकाला मी विचारते ते हेच. तुझे वाचक राहतात कुठे, आणि त्यांच्या गावात पुस्तक पोचवणार कोण? पुण्यात प्रकाशन समारंभ, वाचक जत आणि उमरग्यात, आणि मागणीचा नंबर पोस्टच्या सातव्या प्रतिक्रियेत, अशी अवस्था असते.

पुढे १८९६ च्या जानेवारीत, दिवाळं निघालेलं असताना कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत तो मुंबईलाही आला. वॉटसन हॉटेलात उतरला, तिथल्या कावळ्यांवर लिहिलं, नॉव्हेल्टी थिएटरात बोलला. तेव्हा जाहिरातीत नुसतं नाव पुरलं.

१८६९ च्या डिसेंबरात बॉस्टनच्या ‘अटलांटिक मंथली’नं त्या दुसऱ्या पुस्तकाचं, ‘द इनोसंट्स अब्रॉड’चं, परीक्षण छापलं. दारोदार विकल्या जाणाऱ्या पुस्तकाची अशा मासिकानं दखल घेणं ही नवलाईच होती. परीक्षणाखाली सही नव्हती, लिहिलं होतं मासिकाचा सहसंपादक विल्यम डीन हॉवेल्स यानं, आणि मनापासून कौतुक होतं. फक्त लेखकाचं खरं आडनाव ‘क्लेमेंट्स’ असं चुकीचं पडलं होतं. ट्वेन आभार मानायला मासिकाच्या कचेरीत गेला. हॉवेल्सला पुढे कित्येक वर्षं त्या भेटीतली एक गोष्ट लख्ख आठवत होती: आत आलेल्या माणसाच्या अंगात सीलच्या कातड्याचा कोट होता, केसाळ बाजू बाहेर.